‘समजलं का?’ विचारून काही कळत नाही

विज्ञान शाखेचं काम पाहणाऱ्या एका विभागप्रमुख बाईंनी विचारलं आहे: गेल्या दोन वर्षांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून पाच नवे प्राध्यापक रुजू झाले. पाचही जण विषयात पक्के आणि कष्टाळू. तरीही वर्गात मुलं गप्प बसतात, परीक्षेत आपटतात आणि हे पाचही जण हिरमुसले आहेत. अध्यापनावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, तिचा असर महिनाभरही टिकला नाही. आता काय करावं?

मॅडम, कार्यशाळेचा असर टिकला नाही यात नवल काही नाही. तिथे त्यांना दहा-बारा युक्त्या एकदम कळल्या असतील आणि सोमवारी वर्गात गेल्यावर त्यातली कुठली कधी वापरायची, हे कोणी सांगितलं नसेल. मी तीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं नव्या सहकाऱ्यांच्या तासांना मागच्या बाकावर बसून काढली. माझा अनुभव एवढाच सांगतो की नव्या शिक्षकाला आधी विद्यार्थ्याचं उत्तर वाचायला बसवावं. शिकवण्याच्या पद्धतींचं नंतर बघता येतं.

असं का म्हणतो ते एका प्रसंगावरून सांगतो. एक तरुण सहकारी पहिल्या वर्षाला न्यूटनचे नियम शिकवत होता. फळा इतका देखणा की फोटो काढून ठेवावा. दर दहा मिनिटांनी तो विचारायचा, ‘समजलं का?’ आणि साठ माना हलायच्या. तास संपायला सात मिनिटं असताना, आधी ठरल्याप्रमाणे, त्याने सगळ्यांना चिठोऱ्या वाटल्या. प्रश्न एकच: चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत वरच्या बिंदूला त्याचं त्वरण किती? एक वाक्य कारण लिहा, नाव घालू नका.

नंतर स्टाफरूममध्ये आम्ही त्या चिठ्ठ्यांचे ढीग लावले. ‘शून्य’चा ढीग सगळ्यात उंच झाला. त्याचा चेहरा पडला. ‘पण सर, मी हे फळ्यावर लिहिलं होतं. चौकट करून!’ लिहिलं होतं हे खरंच, मी पाहिलं होतं. मग मी त्या ढिगातली एक चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली: ‘चेंडू क्षणभर थांबतो, म्हणून त्वरण शून्य.’ म्हटलं, ही चूक आहे हे बाजूला ठेव. या पोराचं बरोबर काय आहे ते आधी सांग. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘थांबतो हे बरोबर आहे. वेग शून्य आहे. तो वेग आणि वेगातला बदल यांत गल्लत करतोय.’ आणि लगेच, माझ्याकडे न बघताच: ‘तिथे त्वरणही शून्य असतं तर चेंडू पुढच्या क्षणी खाली कशाला आला असता? तिथेच लटकला असता!’

पुढचा तास त्याने याच प्रश्नाने उघडला. चेंडू लटकला का नाही? वर्ग पहिल्यांदा भांडला. त्याला हे सुचवायला मला एक शब्दही लागला नाही, चिठ्ठीनेच काम केलं.

हा काही आमचाच अनुभव नाही. एरिक माझूर हार्वर्डमध्ये १९८४ पासून भौतिकशास्त्र शिकवत होते. विद्यार्थी त्यांना उत्तम शेरे द्यायचे आणि अवघड गणितंही सोडवायचे. १९९० च्या सुमाराला बल आणि गती यांवरची साध्या भाषेतली, आकडेमोड नसलेली चाचणी त्यांनी वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं कशी लिहू, तुम्ही शिकवलंत तशी की मला खरंच वाटतं तशी? निकाल पाहून माझूर हादरले. त्या धक्क्यातून त्यांनी जी पद्धत बसवली ती ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणून ओळखली जाते: छोटं विवेचन, एक संकल्पनेचा प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा मत आणि शेवटी शिक्षकाचं स्पष्टीकरण.

आकडे हवेत तर आहेत, आणि तुम्हाला वरच्यांना पटवायला ते लागतील. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला जेवढं येत नव्हतं त्यातलं शेवटी किती आलं, असं त्यांचं माप होतं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत ते सरासरी ०.२३ भरलं आणि विद्यार्थ्यांना तासातच डोकं चालवायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकी मिळून २२५ अभ्यास तपासले. व्याख्यानाच्या वर्गात सुमारे ३४ टक्के नापास, सक्रिय वर्गात सुमारे २२ टक्के.

तुमच्या पाच जणांना मात्र मी तिसराच प्रयोग सांगेन. २०११ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एकाच अभ्यासक्रमाच्या दोन मोठ्या तुकड्या घेतल्या. एका तुकडीला अनुभवी आणि विद्यार्थिप्रिय प्राध्यापकाने आठवडाभर नेहमीसारखं व्याख्यान दिलं. दुसरीला शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्या, पण या पद्धतीची तयारी केलेल्या तरुण संशोधकाने शिकवलं. विषय तोच, विद्युतचुंबकीय लहरी, आणि तासही तेवढेच. नंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीला सरासरी ४१ टक्के, दुसरीला ७४. या प्रयोगामागे नोबेल विजेते कार्ल वीमन होते. एकाच आठवड्याचा प्रयोग, त्यामुळे त्यावर इमला बांधू नये. पण अनुभव नाही म्हणून वर्ग जमत नाही असं मानून बसलेल्या नवशिक्याला याने जो धीर येतो तो मी पाहिला आहे. शिवाय ‘अशाने पोर्शन कधी पुरा होणार?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यात आहे. उरलेलं अर्धं असं की पोर्शन आपला पुरा होतो, मुलांचा होतो की नाही ते ढीग लावल्यावर कळतं.

आता प्रश्न कसे काढायचे. सगळं अडतं ते इथेच. नवा शिक्षक प्रश्न काढायला बसला की पाठ्यपुस्तकातलं उदाहरण उचलतो आणि आकडे बदलतो. त्यातून विद्यार्थ्याचा हिशेब कळतो, डोक्यात काय आहे ते कळत नाही. चांगल्या प्रश्नात आकडेमोड जवळजवळ नसते आणि चुकीची उत्तरं मोहक असतात. गणितातलं माझं आवडतं उदाहरण: एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या ‘वि’ आणि प्राध्यापकांची ‘प्रा’ धरून समीकरण लिहा. १९८१ मध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात एक तृतीयांशाहून जास्त जणांनी हे चुकवलं. हवं होतं ‘वि = ६ प्रा’, चुकलेल्यांतल्या बहुतेकांनी लिहिलं ‘६ वि = प्रा’. वाक्य जसं कानावर पडलं तसं चिन्हांत उतरवलं. अक्षर म्हणजे संख्या हे विसरून अक्षर म्हणजे माणूस असं धरलं. ही चूक ज्या शिक्षकाला माहीत नाही तो चल राशी, प्रमाण, पुढे डिफरन्शियल इक्वेशन असं सगळं वाळूवर बांधत जातो.

रसायनशास्त्रात विचारा, पाणी खळखळून उकळताना जे बुडबुडे येतात त्यांत काय असतं? हायड्रोजन आणि ऑक्सिजन म्हणणारी मुलं रेणूसूत्रं तोंडपाठ असलेल्या वर्गातही निघतात. हवा म्हणणारीही निघतात. असते ती पाण्याचीच वाफ. जीवशास्त्रवाल्या सहकाऱ्याला सांगा, इवल्याशा बीचा टनावारी लाकडाचा वृक्ष होतो, तर ते वजन आलं कुठून? ‘मातीतून’ हे उत्तर प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण लिहू शकणारी मुलंही देतात. समीकरणात कार्बन डायऑक्साइड डाव्या बाजूला बसलेला असतो, पण लाकूड हवेतून होतं हे मनाला पटत नाही.

चुकीचे पर्याय स्वतः शोधत बसू नका. आधी तोच प्रश्न पर्यायांशिवाय विचारा आणि चिठ्ठ्यांवर आलेली चुकीची उत्तरं पुढच्या वर्षी पर्याय म्हणून घ्या. विद्यार्थ्यांइतक्या कसदार चुका आपल्याला सुचत नाहीत. आणि मतं आल्यावर काय करायचं तेही आधी ठरलेलं हवं. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर असेल तर दोन वाक्यांत आवरून पुढे जा, उगाच चर्चा नको. फारच थोड्यांचं बरोबर असेल तर चर्चेने चूकच पसरेल. फळ्याकडे परत जा. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील तेव्हा शेजाऱ्याशी वाद घालायला लावा. नवे लोक नेमकं उलटं करतात. सोप्या प्रश्नावर वर्ग बोलका होतो म्हणून तिथे रमतात आणि अवघड प्रश्नावर शांतता पसरली की घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

त्या शांततेबद्दल थोडं. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी पूर्वीच दाखवून दिलं आहे की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात, उत्तर देणारे वाढतात. हे वाचून कोणी बदलत नाही. एका सहकारी बाईंना मी विचारलं, किती थांबता? त्या म्हणाल्या, पाच-सहा सेकंद तरी. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून तास रेकॉर्ड केला आणि संध्याकाळी एकट्यानेच ऐकला. दुसऱ्या दिवशी हसत सांगायला आल्या, ‘मी माझ्याच प्रश्नांची उत्तरं देते हो!’ तेव्हापासून त्या प्रश्न विचारला की खडू खाली ठेवतात आणि हात धुळीने माखलेले असले तर पुसतात. हात पुसून होईपर्यंत बोलायचं नाही, एवढाच नियम. माझ्या मते कुठल्याही कार्यशाळेपेक्षा हा नियम बरा.

यावरून मी व्याख्यानाच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. ‘सांगू नका, मुलांना शोधू द्या’ असा धोशा लावणाऱ्यांची मला भीती वाटते. ज्याला काहीच येत नाही त्याच्यापुढे नुसतं कोडं टाकलं तर तो चाचपडतो. नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं लागतात, शिक्षणाचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांच्या कामाने हे नीट दाखवलं आहे. मुलं अडली, वाद झाला, दोन चुकीची उत्तरं फळ्यावर आली की त्यानंतरची पाच मिनिटं व्याख्यानाची. तेव्हा मुलं कान देऊन ऐकतात.

गणितात एक वेगळीच अडचण आहे. आपण सिद्धता ज्या क्रमाने लिहितो त्या क्रमाने ती सुचलेली नसते. क्ष दोनकडे जाताना क्षच्या वर्गाचं लिमिट चार, हे एप्सिलॉन-डेल्टाने (एप्सिलॉन म्हणजे उत्तर चारपासून किती दूर चालेल ते, डेल्टा म्हणजे त्यासाठी क्ष दोनच्या किती जवळ ठेवायचा ते) सिद्ध करताना नवा प्राध्यापक पहिल्याच ओळीत लिहितो: डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या. मुलं ते उतरवून घेतात आणि त्या क्षणी त्यांची खात्री पटते की हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे. पाच आले कुठून? मी त्या सहकाऱ्याला सांगितलं, तुझा रफ कागद फळ्यावर येऊ दे. आधी शेवट लिही: क्षचा वर्ग वजा चार म्हणजे (क्ष − २) गुणिले (क्ष + २). पहिला अवयव आपल्या मुठीत आहे, दुसरा नाही. मग दुसऱ्याला आवरायचं कसं? वर्गालाच विचार. क्ष दोनपासून एकाहून कमी अंतरावर ठेवला तर क्ष १ आणि ३ च्या मधे, म्हणून (क्ष + २) पाचाहून लहान. हा आला पाच! मग मुद्दाम विचार, एकाऐवजी अर्धं अंतर घेतलं असतं तर? पाचाच्या जागी साडेचार येतात आणि सिद्धता तरीही उभी राहते. पाचात जादू नव्हती हे तेव्हा कळतं. या सगळ्याला वीस मिनिटं जातात. जाऊ द्यावीत.

तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल आता बोलतो, कारण तुमच्या हातात या पाच जणांपेक्षा जास्त आहे.

पहिलं म्हणजे त्यांचं वेळापत्रक बघा. नव्या माणसाच्या गळ्यात तीन नवे विषय मारायची पद्धत सगळीकडे आहे, कारण जुन्यांनी आपापले विषय धरून ठेवलेले असतात. एक विषय तरी तीन वर्षं त्याच्याकडेच राहू द्या. पहिल्या वर्षी तो तगतो, दुसऱ्या वर्षी चुका ओळखतो, तिसऱ्या वर्षी त्यांच्यासाठी तयारी करून येतो. दरवर्षी विषय बदलला तर पहिलंच वर्ष तीनदा होतं.

दुसरं, तास बघायला जाणारा माणूस आणि गोपनीय अहवाल लिहिणारा माणूस एक असता कामा नये. म्हणजे बहुधा तुम्ही जाऊ नका. मी स्वतः एकदा ही चूक केली. मूल्यमापन समितीत असताना एकाचा तास बघायला बसलो. त्याने त्या दिवशी असा काही रंगवलेला तास घेतला की शिकण्यासारखं काही उरलंच नाही, ना त्याला ना मला. जाणाऱ्याने आधी विचारावं, ‘मी कशाकडे लक्ष देऊ?’ आणि तासाला शिक्षकाकडे कमी, विद्यार्थ्यांकडे जास्त बघावं. मी दोन-तीन मुलं निवडतो आणि दर दोन मिनिटांनी लिहितो: उतरवून घेतोय, ऐकतोय, शेजाऱ्याशी विषयाचं बोलतोय, खिडकीबाहेर. वीमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दोन-दोन मिनिटांची अशीच एक रीतसर नोंदणी पद्धत प्रसिद्ध केली, कॉपस नावाची. हवी तर ती घ्या, नाहीतर साधी वही पुरते. तासानंतर मतं देऊ नका. ती नोंद पुढे ठेवा आणि विचारा, ‘अकराव्या मिनिटाला सगळ्यांनी पेनं खाली ठेवली, तेव्हा काय झालं होतं?’ आणि शेवटी बदल एकच ठरवा. एकच! उत्साही माणूस पाच ठरवतो आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे सोडतो.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. विद्यार्थ्यांचे शेरे सुरुवातीला घसरतील. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की सक्रिय वर्गातली मुलं जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सुरळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, स्वतः अडखळलं की आपल्याला काही येत नाही असं वाटतं. मुलं ते शिक्षकाच्या नावावर टाकतात: ‘हे शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात.’ हे वाक्य शेऱ्यांच्या कागदावर वाचून नवा माणूस मोडतो. तेव्हा सत्र सुरू होण्याआधीच त्याला सांगा की शेरे खाली जाऊ शकतात आणि त्याची झळ तुला लागू देणार नाही. हे लेखी दिलंत तर उत्तम. त्यानेही वर्गाला पहिल्याच आठवड्यात उघडपणे सांगावं की अडखळल्यासारखं वाटेल, ते का. शिवाय सत्राच्या मध्यावर त्याने स्वतःपुरते निनावी दोन प्रश्न विचारावेत: शिकायला काय उपयोगी पडतंय, कशाचा अडथळा होतोय? हे कागद तुमच्याकडे येऊ नयेत.

परीक्षेचं थोडक्यात: तासाला का आणि कसं विचारायचं, आणि पेपरात व्याख्या लिहा, सूत्र मांडा एवढंच, तर मुलं आठवड्याभरात हिशेब ओळखतात. प्रत्येक पेपरात निदान एक प्रश्न चेंडूच्या प्रश्नासारखा हवा आणि तो येणार हे आधी जाहीर हवं.

शेवटी सोबत. अमेरिकेतल्या मॅथेमॅटिकल असोसिएशनने १९९४ पासून ‘प्रोजेक्ट नेक्स्ट’ चालवला आहे, नुकतीच पीएचडी झालेल्या गणिताच्या शिक्षकांसाठी. त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की गट वर्षभर बांधलेला राहतो. तुमच्याकडे पाच जण आहेत, तेवढे पुरे. पंधरवड्यातून एक तास ठरवा आणि तो वेळापत्रकात छापा, नाहीतर त्या वेळेला बैठका घुसतात. विषय वेगळे आहेत याची काळजी करू नका; रसायनवाल्याने गणिताची चिठ्ठी वाचून ‘म्हणजे नक्की काय?’ असं भाबडेपणाने विचारणं फार उपयोगी पडतं. एखादा ज्येष्ठ हवा, पण कमी बोलणारा.

पहिल्या बैठकीला विषयपत्रिका नको, भाषण नको. प्रत्येकाने त्या आठवड्यातल्या एका तासाच्या शेवटच्या सात मिनिटांत गोळा केलेल्या चिठ्ठ्या रबर लावून आणायच्या आणि मोठ्या टेबलावर ढीग लावायचे. एक ढीग नेहमी उरतो, काय म्हणायचंय तेच कळत नाही अशा चिठ्ठ्यांचा. तो फेकून देऊ नका, तिथूनच सुरुवात करा.